आधी माणसं द्या, मग कायद्याला हात लावा

इंग्लंडमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांचे जे पालक आहेत त्यांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले कित्येक महिने एकच काळजी चाललीये, सरकार ईएचसीपीचं, म्हणजे मुलाला काय मदत मिळायलाच हवी ते लिहिलेल्या कायदेशीर प्लॅनचं, काय करणार. शिक्षणमंत्री ब्रिजेट फिलिपसन यांची शाळांवरची श्वेतपत्रिका २०२५ च्या शेवटाकडे यायची होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की आता नव्या वर्षात येईल, म्हणजे आम्ही सगळे तेव्हा पण अधांतरीच. जादा मदतीचा कायदेशीर हक्क राहीलच असं सरकार तेव्हा म्हणत होतं, पण तो आहे त्याच रूपात राहील का, असं विचारलं की सरळ उत्तर येत नव्हतं. म्हणून ठरवलं की एकदा बसून सगळं मराठीत लिहून काढायचं, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार कमी बोललं जातं आणि जे बोललं जातं ते पण हळू आवाजात, गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं तसं.

मी वकील नाही आणि शिक्षिका पण नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, इथल्या साध्या प्रायमरी शाळेत जातो, आणि त्याच्यासाठी हा कायदा वाचावा लागला, मग दुसऱ्यांना फॉर्म भरायला मदत करता करता अजून वाचला.

आधी थोडं बेसिक. शाळेत मूल अडखळतंय असं दिसलं की पहिली पायरी म्हणजे सेन सपोर्ट, विशेष शैक्षणिक गरजांसाठी शाळेनेच द्यायची मदत. प्रत्येक शाळेत एक सेंको असते, म्हणजे अशा मुलांची जबाबदारी असलेली शिक्षिका, ती शाळेच्याच बजेटमधून काय जमेल ते करते, थोडा वेळ टीए, म्हणजे वर्गातली मदतनीस, देते, छोट्या ग्रुपमध्ये बसवते, भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक लावते. शाळेने शक्य तेवढे प्रयत्न करायचे एवढंच कायदा इथे म्हणतो, त्यामुळे सेंको चांगली मिळाली तर मुलाचं भाग्य, आणि तिच्याकडे वर्ग पण असेल आणि वेळच नसेल तर नुसता कागद. दुसरी पायरी ईएचसीपी, एज्युकेशन हेल्थ अँड केअर प्लॅन. हा काउन्सिल (इथली स्थानिक नगरपालिका) देतं, जन्मापासून २५ वर्षांपर्यंत कधीही मिळू शकतो, आणि त्याचा जो एफ नावाचा भाग असतो त्यात जी मदत लिहिली ती देणं काउन्सिलला बंधनकारक आहे, "बजेट नाही" हे कारण चालत नाही. सगळा फरक इथे आहे. २०२५ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये अशा ६,३८,७०० प्लॅन चालू होत्या, आणि शाळांत सेन सपोर्टवर असलेली मुलं १२.८ लाखांच्या वर.

आता आमचं सांगते, कारण आपल्या घरांतून हे बऱ्याचदा असंच होतं. आमचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. घरून फोनवर सगळ्यांचं एकच, "अगं बोलेल, याचे बाबा पण उशिराच बोलले." आणि नर्सरीत म्हणायचे, घरी दुसरी भाषा आहे ना, कन्फ्यूज होतोय, इंग्लिश कानावर पडत गेली की येईल बोलायला. दोघांचाही हेतू चांगलाच होता पण दोन्हीकडून सल्ला एकच, थांबा. तो नावाने हाक मारली तरी वळत नाही, मिक्सर लावला की कान दाबून कोपऱ्यात जातो, बोट दाखवून काही मागत नाही, याचा भाषेशी काय संबंध हे कोणी विचारत नव्हतं. हेल्थ व्हिजिटरने (लहान मुलांची तपासणी करणारी नर्स) पीडियाट्रिशियनकडे पाठवलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली, आणि तिथेही वेटिंग लिस्ट होतीच.

यात एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. घरची भाषा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असं धरायचं नाही, हे ईएचसीपी ज्यातून आली त्या २०१४ च्या कायद्यात, कलम २० मध्ये, स्पष्ट लिहिलंय. नियम चांगला आहे, पूर्वी बाहेरून आलेल्या मुलांना उगाच "मंद" ठरवायचे ते यामुळे थांबावं. पण प्रत्यक्षात आपल्या मुलांच्या बाबतीत उलटंच होतं, खरी अडचण असली तरी ती भाषेच्या खात्यावर टाकतात आणि वर्ष-दोन वर्षं निघून जातात. त्यात परत कोणीतरी सांगतं की घरी मराठी बंद करा. आम्हाला पण सांगितलं होतं. आम्ही बंद नाही केली, कारण स्पीच थेरपिस्टने स्वतः सांगितलं की दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मूल मागे पडत नाही, आणि इथल्या स्पीच थेरपिस्टांच्या रॉयल कॉलेजची भूमिकाही घरची भाषा चालू ठेवा अशीच आहे. त्याचे आजी-आजोबा इंग्लिश बोलत नाहीत. मराठी काढून घेतली असती तर त्याची अर्धी माणसंच गेली असती. आज तो ताटावर बसून "अजून वरण" म्हणतो आणि शाळेत "मोअर टाइम प्लीज" म्हणतो, दोन्ही योग्य जागी.

तर प्लॅनसाठी अर्ज. हा अर्ज पालक स्वतः करू शकतात, शाळेनेच करायला हवा असं काही नाही, डायग्नोसिस हातात असायला हवं असंही नाही. कायद्याची कसोटी फार साधी आहे, मुलाला विशेष गरज आहे किंवा असू शकते, आणि प्लॅनमधून मदत लागू शकते, एवढं दिसलं की काउन्सिलने असेसमेंट करायची. सहा आठवड्यांत हो की नाही सांगायचं, आणि सगळं मिळून २० आठवड्यांत फायनल प्लॅन हातात द्यायची. २०२४ मध्ये ही २० आठवड्यांची मुदत निम्म्याहून कमी प्लॅन्समध्ये पाळली गेली, ४६.४ टक्के. म्हणजे कायदा मोडणं हीच इथली सवय झालीये, आणि याचं मला आजही आश्चर्य वाटतं, कारण इथे लायब्ररीचं पुस्तक किंवा कौन्सिल टॅक्सचा हप्ता एक दिवस उशीर झाला तर पत्र येतं.

आमचा अर्ज पहिल्यांदा नाकारला. कारण दिलं की शाळेने आधी ६,००० पौंड खर्च केल्याचा पुरावा नाही. ही अट कायद्यात नाही. पण हे माहीत असायला हवं ना, आणि बहुतेक पालकांना माहीत नसतं, नकाराचं पत्र आलं की ते समजतात संपलं. मला एका जमैकन बाईने सांगितलं, तिचा मुलगा आमच्याच नर्सरीत होता, की पत्रावरची तारीख बघ, दोन महिन्यांत अपील करता येतं, मीडिएशनचं सर्टिफिकेट (आधी समेटाचा विचार केल्याचा कागद) घे आणि ट्रिब्युनलचा, म्हणजे अशा अपिलांच्या न्यायालयाचा, फॉर्म भर, फी काही नाही. भरला. सुनावणीच्या आधीच काउन्सिलने माघार घेतली. हे पण नेहमीचंच आहे असं नंतर कळलं. जी अपिलं ट्रिब्युनलपर्यंत जाऊन निकालाला लागतात त्यातली ९८-९९ टक्के पालकांच्या बाजूने लागतात, पूर्ण किंवा अंशतः. २०१४-१५ मध्ये वर्षाला साधारण तीन हजार अपिलं होत होती, २०२३-२४ मध्ये २१,००० झाली. शंभरातली अठ्ठ्याण्णव प्रकरणं हरणारी काउन्सिलं तरी लढत राहतात, कारण प्रत्येक महिना लांबला की त्या महिन्याचे पैसे वाचतात, आणि किती पालक मधेच दमून सोडून देतात त्यांची तर कुठे नोंदच नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. त्या पालकांमध्ये आपले पण आहेत, रात्रपाळी करणाऱ्या नर्सेस, केअर होममध्ये काम करणाऱ्या मुली, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये उभे असलेले बाबा, ज्यांना दुपारी दोनला मीटिंगला या म्हटलं की पगार कापून जावं लागतं.

मग ड्राफ्ट प्लॅन आली. त्यात लिहिलं होतं की मुलाला स्पीच थेरपीची संधी उपलब्ध असेल आणि मोठ्यांचा आधार मिळेल. वाचायला छान. पण किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, कोण देणार, त्या माणसाचं ट्रेनिंग काय, काहीच नाही, आणि जे मोजून लिहिलं नाही ते मागता येत नाही. आम्ही थेरपिस्टच्या रिपोर्टवर बोट ठेवून एक एक ओळ बदलून घेतली, थेरपिस्ट किती वेळा येईल, टीएला कोण शिकवेल, जेवणाच्या हॉलमधल्या गोंगाटात तो बसणार नाही तर कुठे बसणार. हे लिहून आल्यावर शाळा बदलली असं नाही, शाळा आधीपासून चांगलीच होती, सेंको तर देवमाणूस, पण तिच्या हातात आता काउन्सिलकडे मागायला काहीतरी होतं. ती स्वतः म्हणाली मला.

हा हक्क आला कुठून ते पण थोडं सांगते, कारण तो फार जुना नाहीये. १९७० च्या कायद्यापर्यंत, जो १९७१ पासून लागू झाला, इंग्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व जास्त असलेल्या मुलांना "शिकवण्यायोग्य नाही" असं ठरवून शिक्षण व्यवस्थेच्या बाहेरच ठेवायचे. १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीने अहवाल दिला की मुलांना अपंगत्वाच्या डब्यात घालू नका, त्यांना शिकायला काय लागतं ते बघा, आणि पाचातल्या एका मुलाला कधी ना कधी अशी मदत लागेल. त्यातून १९८१ चा कायदा आणि "स्टेटमेंट" नावाचा कागद आला, समितीच्या डोळ्यासमोर तेव्हा साधारण दोन टक्के मुलं होती. २०१४ च्या चिल्ड्रेन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टने स्टेटमेंटच्या जागी ईएचसीपी आणली, वय २५ पर्यंत वाढवलं, आरोग्य आणि सोशल केअर एकाच कागदात आणायचं ठरवलं. २०१९ ला खासदारांच्या शिक्षण समितीने सांगितलं की कायदा बरोबर आहे, राबवला वाईट. मग २०२२ ला ग्रीन पेपर (चर्चेचा मसुदा), २०२३ ला सुधारणेचा आराखडा, मग सरकार बदललं, आता ही श्वेतपत्रिका. या सगळ्या काळात जी मुलं पाच वर्षांची होती ती हायस्कूलला गेली.

सरकारची अडचण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये प्लॅन आणि स्टेटमेंट मिळून २,४०,००० होती, दहा वर्षांत ती अडीचपटीहून जास्त झाली. नॅशनल ऑडिट ऑफिसचा (सरकारी खर्च तपासणारी संस्था) ऑक्टोबर २०२४ चा अहवाल आहे, त्यात म्हटलंय की दहा वर्षांत या कामाचे पैसे महागाई वजा करूनही ५८ टक्के वाढून २०२४-२५ मध्ये १०.७ अब्ज पौंड झाले, आणि तरी मुलांच्या निकालात सुधारणा दिसत नाही. काउन्सिलांची तूट मार्च २०२६ पर्यंत साडेचार अब्जांच्या वर जाईल असा अंदाज त्यात होता. ही तूट काउन्सिलच्या मुख्य हिशोबात धरायचीच नाही अशी एक कायदेशीर सवलत चालू आहे, ती आता मार्च २०२८ पर्यंत वाढवलीये, ती उठली की बरीच काउन्सिलं दिवाळखोर ठरतील अशी भीती आहे. म्हणजे हे असंच चालू दे असं कोणीच म्हणत नाहीये, पालक पण नाही.

पण प्लॅन वाढल्या कशामुळे? काही लोक टीव्हीवर बसून म्हणतात पालक हट्टी झालेत, लेबलं मागतात. हे ऐकलं की राग येतो. ऑटिझम आता जास्त ओळखला जातो, मुलींमध्ये पण ओळखला जातो, वय २५ पर्यंत वाढवलं म्हणून संख्या वाढणारच होती, हे झालंच. पण मोठं कारण पैशाच्या रचनेत आहे. एका मुलाच्या जादा मदतीचे पहिले ६,००० पौंड शाळेने आपल्या बजेटमधून घालायचे अशी पद्धत आहे, आणि हा आकडा दहा वर्षांपेक्षा जास्त झाली तरी बदललेला नाही, पगार वाढले, वीजबिल वाढलं, आकडा तोच. शाळेचा हात तंग झाला की पहिली कात्री टीएवर. टीए गेली की जे मूल थोड्या मदतीत वर्गात निभावत होतं ते निभावत नाही. मग शाळा पण पालकांना सांगते की प्लॅनसाठी अर्ज करा, कारण जादा पैसा आणि माणूस तिथूनच येणार. खालच्या पायरीवर मदत मिळाली असती तर यातल्या कितीतरी जणांनी वरची पायरी मागितलीच नसती. मी स्वतः मागितली नसती, खरंच, नर्सरीत आठवड्याला थेरपिस्ट आली असती आणि एक शिकलेली टीए असती तर मला ते रिपोर्ट आणि फोल्डर आणि ट्रिब्युनल कशाला हवं होतं.

खाजगी स्पेशल शाळांचं पण तेच. त्याच ऑडिट अहवालाप्रमाणे खाजगी स्पेशल शाळेत एका मुलामागे वर्षाला सरासरी ६१,५०० पौंड जातात, सरकारी स्पेशल शाळेत २३,९०० च्या आसपास. सरकारी शाळांत जागाच नसेल तर काउन्सिलला खाजगीकडे जावंच लागतं, आणि काही ठिकाणी त्या शाळांचे मालक गुंतवणूक कंपन्या आहेत. रोज टॅक्सीने लांबच्या गावातल्या शाळेत जाणारी मुलं आहेत, जवळच्या शाळेत दोन खोल्या आणि चार प्रशिक्षित माणसं असती तर ती भावंडांबरोबर चालत गेली असती. सरकार म्हणतंय की जास्तीत जास्त मुलं साध्या शाळेत रहावीत. मला पण तेच हवंय! माझा मुलगा साध्या शाळेतच आहे आणि त्याच्या वर्गातली मुलं त्याच्याशी फार सुंदर वागतात. फक्त साधी शाळा म्हणजे तीस मुलांचा वर्ग, एक शिक्षिका आणि बाकी देव जाणे, असं असेल तर त्याला समावेश म्हणायचं नाही.

आणि म्हणून माझं म्हणणं एकच आहे आणि ते क्रमाबद्दल आहे. आधी माणसं आणा. एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट कमी आहेत, स्पीच थेरपिस्ट कमी, ऑक्युपेशनल थेरपिस्ट कमी, टीएंचे पगार इतके कमी की सुपरमार्केटमध्ये जास्त मिळतात म्हणून चांगल्या टीए निघून जातात. यांना तयार व्हायला वर्षं लागतात. ती शाळेत येऊन उभी राहू देत, दोन-चार वर्षं मदत खरंच मिळतीये हे दिसू दे, मग प्लॅनसाठीचे अर्ज आपोआप कमी होतील आणि तेव्हा कायद्याकडे बघा. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी हक्क आखडला आणि मदत मागून येईल म्हणून सांगितलं, तर मधल्या वर्षांतली मुलं दोन्हीकडून जातील. पूल बांधून व्हायच्या आधी होडी बंद करण्यासारखं आहे ते. सप्टेंबर २०२५ मध्ये खासदारांच्या शिक्षण समितीने (अध्यक्ष हेलन हेज) मोठा अहवाल दिला त्यात पण असंच आहे, की साध्या शाळेतली मदत मजबूत करा, पण पालकांचे कायदेशीर हक्क आणि ट्रिब्युनल काढू नका. त्याच महिन्यात एक लाखाहून जास्त सह्यांच्या अर्जावर संसदेत चर्चा झाली, खासदारांची गर्दी होती.

काही चांगली माणसं पण म्हणतात की ही व्यवस्था भांडू शकणाऱ्या पालकांनाच फायदा देते, ज्यांना इंग्लिश चांगलं येतं, ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत, म्हणून हक्कावर आधारलेली व्यवस्था अन्यायाची आहे. पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे, मी रोज बघते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. कायदा नसेल तर काय उरतं? ओळख उरते, हेडटीचरची मर्जी उरते, पालक सभेत कोण ठसक्यात बोलतं ते उरतं. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांकडे यातलं काहीच नसतं. माझ्या उच्चारांमुळे मीटिंगमध्ये लोक माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून बोलायचे. २०१४ च्या कायद्यातलं कलम ४२ (प्लॅनमध्ये लिहिलेली मदत काउन्सिलने द्यायलाच हवी) वाचून दाखवल्यावर माझ्याकडे बघायला लागले. हक्क सगळ्यांपर्यंत पोचत नाही यावरचा उपाय तो पोचवणं हा आहे, प्रत्येक काउन्सिलमध्ये मोफत सल्ला देणारी सेवा असते तिला पैसे द्या, दुभाषे द्या, पत्रं सोप्या भाषेत लिहा.

कायदेशीर प्लॅन मोजक्याच मुलांना ठेवली तर काय होतं हे बघायला लांब जायला नको, स्कॉटलंड शेजारी आहे. तिथला कायदा वेगळा, २००४ चा. शाळांतल्या ४० टक्क्यांहून जास्त मुलांना जादा मदतीची गरज आहे अशी नोंद तिथे होते, म्हणजे ओळखण्यात ते पुढे आहेत, पण त्या मुलांपैकी कायदेशीर बळ असलेली प्लॅन अर्ध्या टक्क्याला पण नाही. बाकी सगळं शाळेच्या आणि काउन्सिलच्या हातात.

भारतातून मैत्रिणी म्हणतात, तुमच्याकडे निदान आहे तरी. खरं आहे, आणि नाही पण. माझी नणंद सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, २१ प्रकारची अपंगत्वं त्यात आहेत, ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, कागद उत्तम आहे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, त्यावरच्या वर्गांना पंधरामागे एक. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्र पातळीवर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांना त्यात घ्यायचं ठरवलं, चांगलं झालं, पण केंद्र पातळी म्हणजे एका शिक्षकाकडे त्या केंद्रातल्या सगळ्या शाळा, टू-व्हीलरवरून फिरायचं. नणंदेच्या वर्गात एक मुलगी आहे जिला कमी ऐकू येतं, विशेष शिक्षिका येते त्या दिवशी ती फुलते, बाकीचे दिवस नणंद आपल्या परीने करते. तिथे कायदा आहे आणि माणूस अपुरा. इथे माणूस अपुरा आणि आता कायदा पण ढिला करायचं बोलणं चाललंय. दोन्ही लागतात हो, एकावर एक नाही चालत.

आता जे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते. व्हिसा. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या आपल्या कितीतरी घरांत ही भीती आहे की मुलासाठी काही मागितलं तर "पब्लिक फंड्स नाहीत", म्हणजे ठरलेले सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, ही व्हिसाची अट मोडेल आणि पुढे आयएलआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीला, अडचण येईल. नीट लक्षात घ्या. शाळेतलं शिक्षण, सेन सपोर्ट, ईएचसीपी आणि तिच्यातली मदत हे पब्लिक फंड्समध्ये येत नाही. बिनधास्त मागा. डीएलए, म्हणजे अपंगत्वाचा भत्ता, आणि केअरर्स अलाउन्स हे मात्र त्यात येतात, व्हिसावर ती अट असेल तर त्याला हात लावू नका, आधी इमिग्रेशनवाल्याचा सल्ला घ्या. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे दोन-दोन वर्षं मुलाचं काहीच न केलेले लोक मला भेटलेत, आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं तर त्यांनी तरी काय करावं. आणि हो, "लेबल लागेल, पुढे लग्नात, नोकरीत अडचण येईल" हे जे घरचे सांगतात, ईएचसीपी हा काही गावभर लावायचा फलक नाहीये, तो मुलाचा, शाळेचा आणि काउन्सिलचा कागद आहे.

अशा बदलांवर सरकार लोकांची मतं मागवतं. तेव्हा आपण गप्प बसायचं नाही एवढी विनंती. पालक म्हणून लिहा, आजी-आजोबा म्हणून लिहा, आपल्यात इथे शिक्षक आहेत, जीपी आहेत, थेरपिस्ट आहेत, त्यांनी तर नक्की लिहा. मी काय लिहिणार ते ठरलंय. ज्यांच्याकडे आत्ता प्लॅन आहे त्यांची ती शिक्षण संपेपर्यंत राहू दे. शाळेतल्या मदतीची जी नवी पद्धत येईल तिच्यातही लिहिलेलं मिळालं नाही तर शाळेच्या बाहेर दाद मागायची जागा असू दे, नुसती हेडटीचरकडे तक्रार नको. ६,००० चा आकडा बदला. नर्सरीत स्पीच थेरपिस्ट द्या, तिथे एक वर्ष वाचलं तर पुढची पाच वाचतात. आणि घरी दुसरी भाषा असलेल्या मुलाची तपासणी भाषेचं कारण देऊन लांबवता येणार नाही असं स्पष्ट लिहा, जमेल तिथे मुलाच्या स्वतःच्या भाषेत तपासणी करा.

नवा कायदा लागू होईपर्यंत आहे तोच कायदा लागू असतो, "आता सगळं बदलणार आहे, थांबा" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इप्सिया नावाची चॅरिटी आहे, तिच्या वेबसाइटवर अर्जाचं तयार पत्र फुकट मिळतं, फक्त नाव, जन्मतारीख आणि मुलाला काय अडतं ते भरायचं. ईमेलने पाठवा म्हणजे तारीख राहते, त्या तारखेपासून सहा आठवडे मोजा. नकार आला तर पत्र फेकू नका, त्याच्यावरच अपिलाची मुदत असते. इंग्लिशमध्ये लिहायला अवघड वाटत असेल तर मराठीत लिहून मला मेसेज करा, आम्ही तिघी-चौघी मैत्रिणी शनिवारी सकाळी झूमवर बसून अशी पत्रं एकत्र लिहितो, कॅमेरा बंद ठेवून बसलात तरी चालेल.